काळ्या मातीत बेरी : स्ट्रॉबेरी, रसभरी, फालसा, तुती आणि ब्लूबेरीचा हट्ट (इंदूर)

वाफा७ | १४ सप्टेंबर

इंदूरजवळ राऊच्या पुढे एका शेताचे तुकडे पाडून ११ महिन्यांच्या करारावर देतात. त्यातला २०×३० फुटांचा एक तुकडा आहे. भाजी नाही, बेरीवर्गातली फळं लावायची आहेत : स्ट्रॉबेरी, रसभरी, फालसा, तुती, करवंद, आणि जमलं तर ब्लूबेरी नि रास्पबेरी.

तपासणीचे आकडे :
माती : काळी, पीएच (आम्ल-अल्कपणाचं माप) ८.१, ईसी (क्षारांचं माप) ०.३५, सेंद्रिय कर्ब ०.५५ टक्के, मुक्त चुना ४ टक्के.
बोअरचं पाणी : पीएच ७.८, ईसी ०.९, बायकार्बोनेट ३५० मिलिग्रॅम प्रति लिटर.

दोन प्रश्न. गंधक टाकून पीएच खाली आणता येईल का? आणि निचऱ्यासाठी वाळू किती मिसळायची?

क्षारपड | १४ सप्टेंबर

पीएच ८.१ बघून घाबरू नका. घाबरायचं असेल तर त्याच ओळीच्या शेवटाला घाबरा : मुक्त चुना ४ टक्के. तो संपल्याशिवाय पीएच खाली येत नाही.

हिशोब असा. एक चौरस मीटर जागेतली वरची १५ सेंमी माती म्हणजे अंदाजे १८० किलो. तिच्यात ४ टक्क्यांनी चुना झाला ७.२ किलो. एवढा चुना संपवायला साधारण २.३ किलो गंधक लागतं. तुमचा तुकडा ५५ चौरस मीटरचा, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर गंधक. हे फक्त वरच्या १५ सेंमी मातीसाठी, आणि जिवाणूंनी त्या गंधकाचं आम्ल करायला काही महिने लागतात ते वेगळं. तोवर करार संपला. शिवाय बोअरचं पाणी रोज नवा चुना आणून टाकतंय.

जिचा अहवाल नाही अशी माती ताडायची असेल तर मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओता. फसफसली की मुक्त चुना आहे आणि गंधकाचे पैसे वाचवा.

म्हणून मातीला फळासारखं करण्याऐवजी मातीला मानवेल ते फळ जमिनीत लावा, बाकीचं कुंडीत.

आंबटगोड | १४ सप्टेंबर

+१. यादीची वाटणी करून टाकते.

जमिनीत बिनधास्त : रसभरी, फालसा, तुती, करवंद.
जमिनीत, पण गादीवाफ्यावर आणि एकाच हंगामापुरती : स्ट्रॉबेरी.
फक्त कुंडीत : ब्लूबेरी.
नकोच : लाल रास्पबेरी. तिला कित्येक आठवडे सलग खरी थंडी लागते, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री गार झाल्या तरी दुपारी पंचवीसच्या आसपास ऊन असतं. झाड जगेल, पानं देईल, फळ देणार नाही.

आणि रोपवाटिकेत रसभरी मागताना फळ कागदी आवरणातलं की काटेरी फांदीवरचं (म्हणजे रास्पबेरी) ते आधी विचारा, आपल्याला आवरणातलं हवं. हिंदीत दोन्हींना रसभरी म्हणून मोकळे होतात.

कुदळफावडं | १५ सप्टेंबर

वाळूचं : मिसळू नका. चिकणमातीत दोन-चार टोपली वाळू गेली की कण एकमेकांत गच्च बसतात आणि उन्हाळ्यात वीट तयार होते. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते, तेवढी कोणी टाकत नाही.

निचरा उंचीने मिळवा. गादी ३ फूट रुंद, २५ सेंमी उंच, दोन गाद्यांत दीड फुटाची वाट. चौरस मीटरला ८ ते १० किलो पूर्ण कुजलेलं खत, वरच्या वीतभर मातीत. काळी माती ओली असताना कुदळ लावली तर ढेकळं दगडासारखी वाळतात, आणि पूर्ण सुकली तर कुदळच उडते. मूठ दाबल्यावर गोळा होतो आणि बोटाने टोचल्यावर फुटतो, तो दिवस पकडायचा. सप्टेंबरअखेर पावसाने उघडीप दिली की असे तीन-चारच दिवस मिळतात.

खताबद्दल एक आगाऊ सूचना, कारण इंदुरात हा विषय निघतोच. आपल्या गावाच्या नावाने जगभर ओळखली जाणारी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथेच, यशवंत वाड यांना बरोबर घेऊन बसवली. हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ, १९२४ ते १९३१ इथल्या शेती-संशोधन संस्थेत होते. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख असे थर, तीन वेळा पलटी, साधारण तीन महिन्यांत खत. फालसा, तुती, रसभरीला उत्तम. पण त्यातली राख अल्कधर्मी असते, तेव्हा ब्लूबेरीच्या कुंडीत ते चिमूटभरही नको. गावाचा अभिमान वेगळा, पीएच वेगळा.

वाफा७ | १५ सप्टेंबर

वाळू बाद. मग स्ट्रॉबेरीचं पहिल्यापासून सांगा. जात, तारीख, अंतर.

आंबटगोड | १५ सप्टेंबर

तारीख : १० ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. दुपारी ३५ अंशांच्या वर तापमान असताना उघड्या मुळांची रोपं लावली तर निम्मी आठवड्यात जातात. फार उशीर केला तर झाडाला अंग धरायला वेळ मिळत नाही, आणि मार्चच्या मध्यानंतर ऊन फळ बारीक करून टाकतं. मधला काळ छोटा आहे, म्हणून लवकर येणाऱ्या जाती : विंटर डॉन, स्वीट चार्ली. कामारोसा चांगली, पण थोडी मागाहून येते. रोपं बहुतेक महाबळेश्वर-पाचगणीकडची असतात, सप्टेंबरातच नोंदवून ठेवा.

अंतर : गादीवर दोन ओळी, ओळीत ३० सेंमी, रोपात ३० सेंमी, आणि समोरासमोर न लावता नागमोडी. २५ फुटांच्या एका गादीत ५० रोपं बसतात. पहिल्या वर्षी दोन गाद्या पुरे.

लावणी संध्याकाळी. मुळं ट्रायकोडर्माच्या (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) पाण्यात, लिटरला १० ग्रॅम, १५ मिनिटं बुडवा. मूळ १२ सेंमीपेक्षा लांब असेल तर कापा, दुमडून खड्ड्यात कोंबू नका. मुळं आणि पानं यांच्यामधला जाडसर गड्डा, ज्याला सगळे क्राउन म्हणतात, त्याचा मध्य मातीच्या बरोबर पातळीवर हवा. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळं उघडी पडून वाळतात. काळ्या मातीत आणखी एक गोम आहे : भुसभुशीत गादी पहिल्या दोन पाण्यांनी तीन-चार सेंमी बसते आणि रोप उघडं पडतं. म्हणून गादीला लावणीआधीच दोनदा भरपूर पाणी देऊन ती बसवून घ्या.

वरून ५० टक्क्यांची शेडनेट पहिले ८-१० दिवस. मग काढाच. राहिली तर नुसती लांब देठांची पानं मिळतील.

ठिबकराव | १५ सप्टेंबर

पाणी : ३० सेंमीवर छिद्र असलेली इनलाइन नळी, गादीला दोन. मल्चिंग पेपर (गादीवर अंथरायचं प्लास्टिक) २५ किंवा ३० मायक्रॉनचा, चंदेरी बाजू वर. काळी बाजू वर ठेवली तर ऑक्टोबरच्या उन्हात पेपरला टेकलेलं पान भाजतं. नळी पेपरच्या खाली, आणि पेपर अंथरण्याआधी पाणी सोडून प्रत्येक छिद्र बघून घ्या. नंतर बघता येत नाही.

डिसेंबर-जानेवारीत रोपाला दिवसाआड अर्धा लिटर, फेब्रुवारीपासून रोज अर्धा लिटर, हा सुरुवातीचा आकडा. खरा आकडा बोट सांगतं : पेपरच्या छिद्रातून पहिलं पेर आत घाला, बोटाला माती चिकटली तर आज पाणी नको.

स्ट्रॉबेरीला क्षार सोसत नाहीत. तुमच्या पाण्याची ईसी ०.९ म्हणजे काठावरच. थोडं-थोडं पाणी देत राहिलात तर क्षार मुळाशीच साचतात. म्हणून दर १५ दिवसांनी एकदा तिप्पट पाणी, नुसतं, खत न घालता. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करकरीत झाल्या तर क्षार. नव्या, उमलत्या पानांची टोकं जळून पान चुरगळलं तर कॅल्शियम. दोन्ही दिसायला 'कडा जळल्या'च, उपाय वेगळे.

वाफा७ | १६ सप्टेंबर

शेजारच्या तुकड्यात गेल्या हंगामात स्ट्रॉबेरीची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी होती. युरिया दिला, फरक नाही.

क्षारपड | १६ सप्टेंबर

ते लोह. युरियाचा काही संबंध नाही. नत्र कमी असेल तर जुनी पानं आधी पिवळी पडतात, शिरांसकट. लोह कमी असेल तर नवी, आणि शिरा हिरव्या राहतात. मातीत लोह भरपूर असतं, चुन्यामुळे झाडाला उचलता येत नाही.

दुकानात 'चिलेटेड आयर्न' (झाडाला उचलता यावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह) म्हणून जे पाकीट पुढे करतात ते बहुतेकदा ईडीटीए असतं. ते साधारण साडेसहा पीएचपर्यंत टिकतं, आपल्या मातीत पडलं की संपलं. पाकिटावर ईडीडीएचए, ६ टक्के लोह, असं वाचून घ्या. महाग आहे, पण लागतं थोडं : चौरस मीटरला १ ग्रॅम, पाण्यात विरघळवून मुळाशी, दर तीन-चार आठवड्यांनी. पाणी गडद लाल होतं, तीच त्याची खूण. उन्हाने फुटतं, म्हणून संध्याकाळी.

स्वस्त उपाय : फेरस सल्फेट २ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी पानांवर, १० दिवसांनी पुन्हा. फवारलेलंच पान हिरवं होतं, पुढचं नवं पान पुन्हा पिवळं. आणि फळ धरलेलं असताना फवारू नका, डाग पडतात.

आंबटगोड | १६ सप्टेंबर

खत (आकडे नत्र:स्फुरद:पालाश यांचे) : पहिला महिना १९:१९:१९, लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. कळी दिसली की ०:५२:३४, फळ धरलं की १३:०:४५. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी. ०:५२:३४ बरोबर एका बादलीत घातलं तर दूध फाटल्यासारखं खाली बसतं आणि ठिबकची छिद्रं बुजतात.

पहिल्या पंधरा-वीस दिवसांत आलेली फुलं खुडा. जिवावर येतं, पण खुडा. लांब दोऱ्यासारखे फुटवे येतात तेही सगळे काढा, मार्चनंतर आपल्या उन्हात ते वाढवून रोपं करण्यात अर्थ नाही.

फुलाचं फळ व्हायला २५ ते ३० दिवस लागतात. वाकडंतिकडं, एका बाजूला दबलेलं फळ आलं तर कारण बहुतेकदा परागीभवन. फळावरचा प्रत्येक दाणा फलित झाला तरच त्याच्याभोवतीचा गर फुगतो. थंडीसाठी घातलेलं कापड दिवसाही तसंच राहिलं तर मधमाशी आत कशी जाणार? गादीच्या टोकाला थोडी धने-मोहरी फुलोऱ्यावर ठेवा.

पाला (गोठलेलं दंव) पडणार असेल त्या रात्री पांढरं क्रॉप कव्हर घाला आणि संध्याकाळी पाणी द्या, ओली माती रात्री ऊब धरते. सकाळी नऊपर्यंत कापड काढा. फुलाचा मधला भाग काळा दिसला तर ते फूल गेलं, पाकळ्या कितीही पांढऱ्या असोत.

आणि मावठा. डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस ढग नि भुरभुर झाली की फळावर राखाडी बुरशी येते. बुरशी लागलेलं फळ तिथेच टाकू नका, पिशवीत घालून तुकड्याबाहेर न्या. एक फळ राहिलं तर शेजारची चार जातात.

खारूताई | १६ सप्टेंबर

रोपामागे किती मिळतात?

आंबटगोड | १६ सप्टेंबर

मोकळ्या गादीवर, घरगुती निगराणीत, अडीचशे ग्रॅम धरून चाला. शंभर रोपांचे २५ किलो, तेही तीन महिन्यांत विखरून. आणि खालपर्यंत लाल झाल्यावरच तोडा, तोडल्यावर रंग चढतो, गोडी चढत नाही. सकाळी, देठासकट.

खारूताई | १६ सप्टेंबर

मग पक्षी आणि माझ्या नावबहिणी काही ठेवतील का, हा पुढचा प्रश्न.

ठिबकराव | १६ सप्टेंबर

जाळी कमानीवर ताणून बांधा. सैल लोंबती जाळी टाकली तर बुलबुल अडकून मरतो आणि साळुंकी खालून आत शिरते. कडा मातीत पुरा. खारीला नायलॉनची जाळी म्हणजे नाश्ता, खालच्या दीड फुटाला लोखंडी चौकड्यांची जाळी लावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पान निस्तेज, बारीक ठिपक्यांचं दिसलं तर उलटून भिंगाने बघा : लाल कोळी. आधी पानाखालून जोरात पाण्याचा मारा, तीन दिवस लागोपाठ. मग पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. पण पारा ३२ च्या वर असताना नाही, आणि निंबोळी तेल फवारल्यावर दोन आठवडे नाही. दोन्हींत पान करपतं.

तुतीवाला | १७ सप्टेंबर

भिया लोक, स्ट्रॉबेरीतच रमलात. शास्त्राच्या हिशोबाने ती बेरी नाहीच, फुगलेला देठ आहे. खरी बेरी रसभरी.

रसभरी : बी जून-जुलैत टाकायचं, आता उशीर झाला. आता तयार रोपंच घ्या आणि सप्टेंबरअखेर लावा. नोव्हेंबरात बी टाकून काही हाती लागत नाही, झाड फुलावर येतं तोवर ऊन फुलं गाळून टाकतं. अंतर ३×३ फूट, वाटेच्या बाजूला काठीचा आधार, फांद्या ठिसूळ असतात. रोपाला २ किलो खत लावणीच्या वेळी आणि मग हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं तर छातीपर्यंत झाड आणि दहा फळं.

तोडायची नसते, वेचायची असते. आवरण वाळक्या गवताच्या रंगाचं झालं की फळ आपसूक खाली पडतं. झाडाखाली गव्हाचा भुसा पसरा म्हणजे स्वच्छ मिळतं. हिरवं फळ खाऊ नका, टोमॅटो-बटाट्याच्या कुळातली आहे, कच्ची बाधते. त्याच कुळामुळे टोमॅटो, वांगी, मिरची जिथे होती तिथे लावू नका. पानं आकसून गोळा झाली तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, औषध नाही, उपटून टाका.

फालसा : मालव्याच्या उन्हाला हे झुडूप हसत सामोरं जातं. फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून जानेवारीत पान गळाल्यावर जमिनीपासून तीन फुटांवर सगळ्या फांद्या छाटा. न छाटलेला फालसा दहा फूट वर जातो आणि फळं साळुंक्यांच्या उंचीवर लागतात. छाटणीनंतर झाडाला १० किलो खत, फुटवे फुटल्यावर पाणी. फळ मे-जूनमध्ये, एका घोसातही एकदम पिकत नाही, दर दोन दिवसांनी वेचणी. तोडल्यावर दिवस-दीड दिवस टिकतो, म्हणूनच दुकानात फारसा दिसत नाही.

तुती : पेन्सिलीएवढी जाड, २० सेंमी लांब काडी, तीन डोळे, दोन मातीत एक वर. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जुलै. डिसेंबरात हलकी छाटणी करून उरलेली पानं हाताने ओरबाडली की नवी फूट आणि तिच्याबरोबरच फळ, फेब्रुवारी-मार्चमध्ये. बोटांचे डाग कच्च्या तुतीने घासले की निघतात.

पण करार ११ महिन्यांचा ना? फालसा पहिलं नाव घेण्यासारखं पीक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी देतो.

कुदळफावडं | १७ सप्टेंबर

बरोबर. बारमाही झाडं या तुकड्यात जमिनीत लावायची नाहीत. २०० लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम आडवा अर्धा कापला की १०० लिटरच्या दोन कुंड्या होतात. तळाला नाही, बाजूला तळापासून तीन सेंमीवर सहा छिद्रं, म्हणजे काळ्या चिखलात बुजत नाहीत. एकात तुती, एकात फालसा. करार संपला की ड्रम गाडीत. तळाची छिद्रं असली की तुती सहा महिन्यांत मूळ खाली सोडते आणि मग ड्रम हलत नाही.

करवंद कुंपणाला तीन-तीन फुटांवर चांगलं, पण तेही मालकाच्या कुंपणाला, त्याला विचारून. कच्च्या करवंदावर जिरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) भुरभुरून बघा, इंदूरकराला वेगळं सांगायला नको.

वाफा७ | १७ सप्टेंबर

ब्लूबेरीचा हट्ट सोडू का?

क्षारपड | १७ सप्टेंबर

दोन कुंड्यांपुरता ठेवा. कमी थंडीच्या जातीच घ्या : बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू. दोन वेगळ्या घ्या, परागीभवन चांगलं होऊन फळ मोठं येतं.

कुंडी ४० लिटर, फिक्या रंगाची. मिश्रण : धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ६ भाग, पाईनच्या सालीचा भुगा ३, परलाइट (हलके पांढरे खडे) १. माती शून्य. कोकोपीट घेताना कमी ईसीचं मागा, तरी लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून दोनदा साध्या पाण्याने धुवा. पीएच ४.५ ते ५.५ मध्ये राखायचा.

खत अमोनियम सल्फेट, महिन्याला ५ ग्रॅम, पाण्यात. लावणीनंतर नायट्रेटची खतं बंद, या झाडाला नत्र अमोनियमच्या रूपात हवं. मुळं केसासारखी आणि वरच्या थरात, म्हणून एप्रिल-मेमध्ये एक दिवस कोरडी पडली तरी झाड जातं. दुपारी १२ नंतर सावली.

खरा प्रश्न पाण्याचा. बोअरचं पाणी तसंच दिलं तर तीन-चार महिन्यांत कुंडीचा पीएच सातच्या वर. तुमच्या ३५० बायकार्बोनेटला १० लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड लागेल. ढवळा, अर्धा तास थांबा, पीएचच्या पट्टीने बघा, साडेपाचला आणा. सायट्रिक जिवाणू खाऊन टाकतात, म्हणून प्रत्येक वेळी ताजं करा, साठवू नका.

खारूताई | १७ सप्टेंबर

एसीचं पाणी चालेल? आणि आरओचं?

क्षारपड | १७ सप्टेंबर

एसीचं चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. आरओचं जे नळीतून फेकलं जातं ते मुळीच नाही, क्षार त्यातच एकवटलेले असतात. सगळ्यात उत्तम पावसाचं : १०० चौरस फूट पत्र्यावर १० मिमी पाऊस म्हणजे गळती-उडती सोडून ७५ लिटर. दोन कुंड्यांना उन्हाळ्यात रोज ६ लिटर धरले तर २०० लिटरचा ड्रम महिनाभर जातो. आता परतीचा पाऊस चुकवू नका.

वाफा७ | १८ सप्टेंबर

शेवटचं. स्ट्रॉबेरी मार्चअखेर काढली की ऑगस्टपर्यंत त्या गाद्यांवर काय?

कुदळफावडं | १८ सप्टेंबर

टोमॅटो, मिरची, वांगी नको, मूळकुजीचे रोग सारखेच आहेत. पेपर, नळी, जुनी झाडं मुळासकट काढा. गादी सपाट करा, वीतभर खोल ओली होईल इतकं पाणी द्या, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीत पुरा. ५० मायक्रॉनचं बरं, त्याहून पातळ मेच्या वाऱ्यात फाटतं. काळं वापरू नका, ते स्वतः तापतं, माती कमी तापते. १५ एप्रिल ते मेअखेर सहा आठवडे. मध्ये उचलून बघायचं नाही. पहिल्या पावसानंतर ताग पेरा, ४५ दिवसांनी, फुलं यायच्या आधी, कापून मातीत गाडा. ऑगस्टात खोड टणक झालं की कुदळीला आवरत नाही.

तुतीवाला | १८ सप्टेंबर

प्लास्टिकला भोक पडलं तर त्याच दिवशी चिकटपट्टी लावा. नाहीतर वाफ तिथून जाते आणि नेमकं त्या गोल जागेत लव्हाळा उगवतो.